रूस्टच्या सात बिया

१

पुडी रिकामी होती.

पिवळट कागदाची, चार घड्या घातलेली ती पुडी एका वाळलेल्या फांदीशेजारी जाड कागदावर चिकटवलेली होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक डच जहाज वादळानं भरकटून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागलं. त्यावरच्या हेन्ड्रिक रूस्ट नावाच्या शल्यवैद्यानं किनाऱ्यावर उतरून ही फांदी तोडली आणि तिच्या शेंगेतल्या सात बिया पुडीत बांधून घरी आणल्या. हार्लेममधल्या एका जुन्या वनस्पतिसंग्रहात हा कागद तेव्हापासून एका पेटीत जपून ठेवला होता. २०२१च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठानं तपासणीसाठी एक बी मागितली, म्हणून संग्रहाच्या प्रमुख आनमीक द ख्राफ यांनी चिमट्यानं पुडी उघडली. आत बियांची टरफलंसुद्धा नव्हती.

त्यांनी नोंदवही काढली. शेवटची नोंद १६ नोव्हेंबर २०२०ची होती. ‘पुडी तपासली. बिया सात.’ खाली सही होती संग्रहातच काम करणाऱ्या वैदेही साने हिची. त्यानंतर त्या पेटीला कोणी हात लावल्याची नोंदच नव्हती.

“म्हणजे सरळच आहे ना, बाई,” वैदेही म्हणाली. “शेवटी पाहिल्या मी, आणि आता त्या नाहीत.”

स्पार्न नदीच्या काठानं दोघी चालल्या होत्या, मध्ये दीड मीटर अंतर ठेवून. घरी कोणाला बोलवायचं तर दिवसाला एकच पाहुणा, अशा नियमांचे ते दिवस. त्यामुळे रडायचं असो की भांडायचं, माणसं नदीकाठीच यायची.

वैदेहीबरोबर चालणाऱ्या मंजूषाबाई परचुरे एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. पुण्यातल्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. वैदेही त्यांच्या हाताखालून गेलेली. मुलाकडे, शैलेंद्रकडे, त्या तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्या तिन्हाचे तेरा महिने होत आले होते. एवढ्या काळात त्या डच हवेला सरावल्या, पण रिकामं बसणं काही त्यांना जमलं नाही. दर रविवारी इकडच्या मराठी मुलांना त्या स्क्रीनवरून बिया रुजवायला शिकवत.

“पुढे काय होणार?” त्यांनी विचारलं.

“एकतीस मार्चला माझा करार संपतो. नवा झाला नाही तर परवाना जातो, परवाना गेला की देश सोडायचा. ते एक वेळ चालेल. पण चोर म्हणून गेले तर जगातला कुठलाच संग्रह मला दारात उभं करणार नाही. मला दुसरं काही येतही नाही, बाई.”

“रडू नकोस. मास्क ओला झाला तर बदलायला दुसरा आहे का?”

वैदेही रडता रडता हसली.

“एकच सांग. नोव्हेंबरात तू त्या बिया मोजल्या होत्यास?”

“हो,” वैदेही म्हणाली आणि नदीतल्या बदकांकडे बघू लागली.

चौतीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना ते बदकांकडे बघणं आवडलं नाही. तरी मनाशी त्यांनी ठरवलं, की एकतीस मार्चच्या आत त्या सात बिया कुठे गेल्या ते शोधायचंच.

२

“आई, हा काही घरगुती मामला नाही,” शैलेंद्र म्हणाला. “तू त्या लोकांना काय म्हणून फोन करणार?”

“शिक्षिका म्हणून. विद्यार्थिनीवर आळ आला की शाळेत जातेच ना मी?”

“तिची शाळा सुटून पंधरा वर्षं झाली!”

“तिची सुटली असेल. माझी कुठे सुटलीय?”

संग्रहात हात घालू शकणारी माणसं वैदेहीखेरीज तीनच होती. पहिल्या स्वतः प्रमुख आनमीकबाई. दुसरा कुशल हा नागपूरचा मुलगा. तो बेस्ट नावाच्या गावी राहायचा आणि कागदांचे फोटो काढून संगणकावर चढवायचा. तिसरे विम तेर्प्स्ट्रा. फाटके कागद सांधणं आणि सुटलेल्या फांद्या पुन्हा चिकटवणं हे काम ते एक्केचाळीस वर्षं करत होते. शरद ऋतूत साथ पुन्हा वाढली तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना घरीच बसवलं होतं.

कुशल व्हिडिओवर आला तोच घाबरलेला. मागच्या खिडकीत खोक्यात लावलेली कोथिंबीर दिसत होती.

“काकू, माझं नाव नाही ना येणार कुठे? मी फक्त ऑक्टोबरमध्ये फोटो काढले. पुडी उघडलीच नाही.”

“नोंदवहीत तुझी सही का नाही?”

“फोटो काढणं म्हणजे पेटी उघडणं धरत नाहीत. सही फक्त पुडीला हात लावला तर.”

“म्हणजे नोंदवही सांगते तेवढीच माणसं तिथे गेली, असं काही नाही.”

“नाही. पण मी खरंच…”

“घाबरू नकोस रे. ते फोटो मला पाठव. आणि त्याआधीचे कोणी काढले असतील तर तेही.”

“२०१८मधला एक आहे. तोही मीच काढला होता, त्याच स्टँडवर. पण काकू, फोटोत पुडी बंद आहे. त्यात काय दिसणार?”

“ते मला तरी कुठे ठाऊक आहे? म्हणून तर बघायचं.”

३

विम तेर्प्स्ट्रा पाच गल्ल्या पलीकडे राहत. डच माणूस दिवाणखान्याच्या खिडकीला पडदा लावत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यानं खुशाल आत बघावं. खिडकीच्या कट्ट्यावर मात्र सगळं जोडीनं मांडायचं, ही तिथली रीत. विमच्या खिडकीतही दोन ऑर्किड, दोन पितळी दिवे आणि दोन चिनी मातीची बदकं होती. फक्त मधोमध एकटीच एक कुंडी होती आणि तिच्यात पिसासारख्या बारीक पानांचं वीतभर रोप.

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. विमनी खिडकी हातभर उघडली. उंच, वाळकुडा माणूस, स्वेटरची कोपरं घासलेली. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. दोघांनाही ते परकंच, त्यामुळे सावकाश आणि नीट.

“मेव्ह्राऊ,” त्यांनी डच रीतीनं ‘बाई’ म्हटलं, “काय हवंय आपल्याला?”

“रूस्टच्या कागदावरचं काहीतरी हरवलंय. माझ्या विद्यार्थिनीवर आळ आहे.”

विमनी विचारलं, “कोणती विद्यार्थिनी?”

“वैदेही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“मी सप्टेंबरपासून घरी आहे. मला कोणी काही सांगत नाही.” त्यांनी एका बदकाचं तोंड किंचित फिरवून सरळ केलं. “पुड्या कोणी उघडत नसतं, मेव्ह्राऊ. जुना कागद घडीवर तुटतो. चाळीस वर्षांत मी एकालाही उघडताना पाहिलं नाही.”

बाईंनी मान हलवली. मग सवयीनं विचारलं, “हे रोप कसलं?”

“मिमोसा. बाजारातून आणलं.”

लाजाळू! बाईंचं बोट शिवशिवलं. हात लावला की पानं मिटतात हे ठाऊक असूनही दर वेळी लावून बघावंसंच वाटतं. पण मध्ये काच होती, आणि दीड मीटरचा नियम होता. त्या निघाल्या. कोपऱ्यावर पोचेपर्यंत आपल्याला काहीतरी खटकलंय एवढं त्यांना कळलं होतं. काय खटकलं, ते कळायला घर यावं लागलं.

त्या म्हणाल्या होत्या, ‘कागदावरचं काहीतरी.’ पुडीचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं.

४

पण पुराव्यावाचून माणसाला चोर म्हणणं म्हणजे वैदेहीचं झालं तेच पुन्हा करणं. कुशलचे फोटो यायला तीन आठवडे लागले. ते आल्यावर बाईंनी दोन्ही फोटो शैलेंद्रच्या मोठ्या स्क्रीनवर शेजारीशेजारी लावले आणि चहा घेऊन समोर बसल्या. चहा निवला तरी त्या हलल्या नाहीत.

“शैलू, इकडे ये. या पुडीची सावली बघ.”

२०१८च्या फोटोत पुडीच्या उजव्या कडेला काळसर रेघ होती. पुडी मधे फुगलेली होती आणि दिव्याचा उजेड डावीकडून येत होता. ऑक्टोबर २०२०च्या फोटोत ती रेघ नव्हती. पुडी चापून बसलेली.

“दिवा बदलला असेल,” शैलेंद्र म्हणाला.

“शाब्बास, हाच प्रश्न वर्गात पहिला यायला हवा. आता फांदीची सावली बघ. दोन्हीत सारखी आहे की नाही? दिवा तोच, जागा तीच, फांदी तीच. बदलली फक्त पुडी.”

“म्हणजे ऑक्टोबरमध्येच बिया नव्हत्या?” शैलेंद्र टाळी वाजवणार होता. “मग सुटली वैदेही! तिनं तर नोव्हेंबरात…”

तो मध्येच थांबला. बाईंचा चेहरा उतरला होता.

ऑक्टोबरात पुडी रिकामी होती, तर नोव्हेंबरात वैदेहीनं सात बिया मोजल्या कुठून?

५

दुसऱ्या दिवशी नदीकाठी बाईंनी फोनवरचे दोन्ही फोटो वैदेहीपुढे धरले. सावली कुठे आहे आणि कुठे नाही, तेवढं दाखवलं. मग विचारलं, “बघून लिहिलंस, की लिहिलेलं बघून लिहिलंस?”

वैदेहीनं या वेळी बदकांकडे पाहिलं नाही.

“आधीच्या नोंदीत सात होतं,” ती हळूच म्हणाली. “सगळे तसंच करतात, बाई. घडी मोडायची नाही, कागद दुखवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. वहीत रकाना एकच, ‘तपासली’. मी पुडी चिकटलेली आहे ना तेवढं पाहिलं आणि जुना आकडा उतरवला.”

“आणि मला खोटं सांगितलंस.”

“न मोजता सही केली हे कबूल केलं तर काढूनच टाकतील असं वाटलं.”

“वाटेना का. पण बघ, तुझं खोटंच तुला चोर ठरवतंय. बिया नोव्हेंबरपर्यंत होत्या असं जगात एकच माणूस म्हणतंय, ते म्हणजे तू. ते एक वाक्य मागे घेतलंस की सगळं प्रकरण मागे सरकतं. ऑक्टोबरच्याही मागे.”

“आणि ते मागे घेतलं तर नोकरी जाईल.”

“जाऊ शकते,” बाई म्हणाल्या. खोटा धीर देण्याची त्यांची पद्धत नव्हती. “पण गेली तर चुकीसाठी जाईल, चोरीसाठी नाही. चूक सुधारता येते. आठवीत तू बेडकाच्या हृदयाला चार कप्पे काढले होतेस. काढलं होतं का मी तुला वर्गाबाहेर?”

“उभं केलं होतंत.”

“बरोबरच केलं होतं.”

त्याच संध्याकाळी वैदेहीनं आनमीकबाईंना सविस्तर पत्र लिहिलं. फोटो जोडले आणि न मोजता सही केल्याचं स्वच्छ शब्दांत मान्य केलं.

दोन दिवसांनी आनमीकबाईंनीच व्हिडिओवर बाईंना गाठलं. केस पांढरे, आवाज करकरीत, मागे निवडुंगांची रांग.

“मी नोंदवहीवर विश्वास ठेवला,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं ठेवत आले. आता कळतंय, की आम्ही सगळेच एकमेकांचा आकडा उतरवत होतो.”

“२०१८ आणि २०२०च्या मध्ये आत एकटं कोण असायचं?”

“एरवी कोणीच नाही, नेहमी चार माणसं असतात. पण २०२०च्या मार्च ते जून इमारत बंद होती. तेव्हा सोमवारी मी जायचे. बुधवारी विम यायचे, किड्यांचे सापळे तपासायला.” त्या थांबल्या. “म्हणजे आता दोघांपैकी एक. आणि त्यातली एक मी आहे. तुम्ही माझ्यावर का विश्वास ठेवावा?”

“अजून ठेवलेला नाही,” बाई म्हणाल्या.

आनमीकबाई पहिल्यांदाच हसल्या. “एकतीस तारखेपर्यंत मला काहीतरी हातात द्या, मेव्ह्राऊ परचुरे. चोर दुसरा कोणी आहे हे कळल्याशिवाय समिती तिचा करार वाढवणार नाही.”

त्या दिवशी अठ्ठावीस मार्च होता.

६

एकोणतीसला ऊन पडलं. बाई पुन्हा विमच्या गल्लीत गेल्या. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. पाय मात्र ठाम पडत होते.

खिडकीपाशी त्या थबकल्या.

दोन ऑर्किड, दोन दिवे, दोन बदकं आणि मधली कुंडी. चार आठवड्यांच्या उजेडात रोप चांगलं चार बोटं वाढलं होतं. खाली तीच पिसासारखी पानं. पण वरचं नवं पान? त्याचं देठच रुंद, चपटं झालं होतं, आणि टोकाला पिसाचा एक इवलासा अवशेष लोंबत होता. त्याच्याही वरचं पान म्हणजे नुसती चपटी हिरवी पट्टी.

लाजाळूला असली पानं जन्मात येत नाहीत. मात्र पुण्याच्या रस्तोरस्ती लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला येतात. दर वर्षी आठवीच्या वर्गात बाई तिच्या बिया गरम पाण्यात भिजवून रुजवत. रोप लहान असतं तेव्हा पानं पिसांसारखी असतात, आपल्या बाभळीसारखी. जरा मोठं झालं की देठच चपटं होऊन पानाचं काम करू लागतं. मुलं दर वर्षी म्हणत, बाई, कोणीतरी रोप बदललं!

रूस्टच्या फांदीवरही तसल्याच चपट्या पट्ट्या होत्या. फोटोत दिसणाऱ्या, कागदावरच्या चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं, ‘पाने जाड, विळ्यासारखी. फुले पिवळी, गोंड्यासारखी.’ त्याच्या नजरेला पडलं ते वाढलेलं झाड. त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी त्याचं बाळपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं असेल, पण त्यांना विचारायला रूस्ट थांबला नाही. संग्रहातल्या एकाही कागदावर त्या रोपाचं पिसासारखं पान नव्हतं.

बाईंना आणखी एक गोष्ट दिसली आणि त्या खाली बाकावर बसल्या. खिडकीतलं रोप उजेडाकडे, म्हणजे काचेकडे, झुकतं. दोन्ही ऑर्किड तशीच झुकली होती. हे रोप मात्र खोलीकडे झुकलेलं होतं. कुंडी कोणीतरी आजच फिरवली होती, नवी पानं रस्त्याकडे यावीत अशी.

खिडकी उघडली.

“तुमची वाट बघत होतो,” विम म्हणाले. “फोन उचलायचं धैर्य झालं नाही. कुंडी फिरवण्याचं तेवढं झालं.”

“केव्हा घेतल्यात?”

“गेल्या एप्रिलमध्ये. माझी बायको, टिनेके, त्याच महिन्यात दवाखान्यात गेली. मला आत सोडलं नाही. दफनालाही मोजून माणसं.” ते कट्ट्याला धरून उभे होते. “पुढच्या बुधवारी मी सापळे बघायला गेलो. सगळी इमारत मेलेल्या झाडांची, आणि मी एकटा. एक्केचाळीस वर्षं मी मेलेल्या पानांना डिंक लावतोय, मेव्ह्राऊ. त्या पुडीवरून बोट फिरवलं तर बिया कडक लागल्या. वाटलं, यातलं एखादं तरी जिवंत असेल का? घरी आणल्या, गरम पाणी ओतलं. सहा कुजल्या. एक उगवली.”

बाईंनी कुंडीतल्या त्या एकुलत्या रोपाकडे पाहिलं.

“तुमचं दुःख मला समजतं,” त्या म्हणाल्या. “पण चार आठवड्यांपूर्वी मी इथेच बसले होते. एका मुलीवर आळ आहे हे सांगितलं, तरी तुम्ही मला बाजारातला मिमोसा दाखवलात.”

“हो.”

“तिची चूक तिनं लिहून दिली आहे. नोकरी पणाला लावून. ती तुमच्या निम्म्या वयाची आहे.”

विमनी मान खाली घातली. मग बदकांमधून वाट काढत कुंडी उचलली आणि छातीशी धरली. “आनमीक आज कामावर असेल?”

“असेल.”

“मग तुम्ही पुढे चाला. मी दीड मीटर मागून येतो.”

७

संग्रहामागच्या बागेत आनमीकबाई, वैदेही, विम आणि बाई अशी चौघं अंतर ठेवून उभी राहिली. विमनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. खिशातून मोहरीची एक छोटी बाटली काढली. कुजलेल्या सहाही बिया त्यांनी वाळवून ठेवल्या होत्या. फेकायला हात धजला नव्हता.

आनमीकबाई बराच वेळ त्या चपट्या पानाकडे बघत होत्या. “विम, तुमची चौकशी होईल,” शेवटी त्या म्हणाल्या. “ती मी थांबवणार नाही.”

“थांबवू नकोस.”

“वैदेही, न मोजता केलेल्या सहीबद्दल तुला लेखी ताकीद मिळेल. मलाही मिळायला हवी, मी ती माझी मागून घेईन. चोरीचा आळ आजच मागे घेतला जाईल आणि समितीपुढे तुझा करार मी ठेवेन. या रोपाची रोजची नोंद ठेवायला मला माणूस लागणार आहे, जे दिसेल तेच लिहिणारं.”

वैदेहीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती भुवई उंचावली. वर्गात फळ्यापाशी बोलावताना उंचावायच्या, तशी.

नोंदवही बागेतल्या टेबलावर आली. वैदेहीनं हातमोजे चढवले आणि बाटलीतल्या बिया पांढऱ्या कागदावर ओतल्या. चिमट्यानं एकेक बाजूला सारत तिनं त्या मोजल्या. मग सगळ्या पुन्हा एकत्र केल्या आणि दुसऱ्यांदा मोजल्या. त्यानंतर लिहिलं, ‘२९ मार्च २०२१. बिया सहा, मृत. रोप एक, जिवंत. पाने: खालची पिसासारखी सात, मधले संमिश्र एक, वरचे चपटे एक.’

सही करण्याआधी ती थांबली, वाकली आणि खालची पानं बोटानं पुन्हा मोजू लागली.

“आठ आहेत, बाई,” ती म्हणाली. “एक मागे लपलं होतं.”

तिनं सात खोडलं, आठ लिहिलं, आणि मग सही केली.